स्वतःच्या भाषेत स्वरमेळ आणि व्यंजनमेळ कसा बसवायचा

गमन, लेखन, वाचन, भोजन. आणि स्मरण, भाषण, भ्रमण, ग्रहण. प्रत्यय एकच, ‘अन’. पहिल्या चौघांत तो ‘न’ राहिला, दुसऱ्या चौघांत त्याचा ‘ण’ झाला. मग दर्शन, कीर्तन, प्रार्थना यांत ‘र’ असूनही ‘ण’ का नाही? आणि उत्तरायण म्हणणारे आपण दक्षिणायण का म्हणत नाही? शुद्धलेखनाच्या तासाला हे पाठ करून घेतात. भाषा रचणाऱ्याला मात्र यात आख्खं यंत्र उघडं पडलेलं दिसतं. एका ध्वनीने लांबच्या दुसऱ्या ध्वनीला आपल्यासारखं करून घेणं, म्हणजेच मेळ, इंग्रजीत हार्मनी. स्वरांचा असला तर स्वरमेळ, व्यंजनांचा असला तर व्यंजनमेळ.

कॉनलँग, म्हणजे हौसेने रचलेली भाषा, करणारे बहुतेक जण स्वरमेळाला हात घालतात आणि निम्म्यात अडकतात. कारण जवळजवळ नेहमी एकच असतं: गट ठरवलेले असतात, पण मेळ कुठे थांबतो ते ठरवलेलं नसतं.

नियम लिहायचा साचा

पाणिनीच्या अष्टाध्यायीत आठव्या अध्यायाच्या चौथ्या पादाची सुरुवात अशी आहे: ‘रषाभ्यां नो णः समानपदे’. लगेच पुढचं सूत्र: ‘अट्कुप्वाङ्नुम्व्यवायेऽपि’. पहिल्यात चार गोष्टी सांगून झाल्या. कोणामुळे: र आणि ष (ऋ सुद्धा त्यातच). कोण बदलतो: न. काय होतो: ण. कुठपर्यंत: एकाच पदात. दुसऱ्या सूत्रात पाचवी गोष्ट, मध्ये काय आलं तरी चालतं: स्वर, ह, य, व, र, क-वर्ग, प-वर्ग, अनुस्वार. म्हणजे जे या यादीत नाही ते अडवतं: च-वर्ग, ट-वर्ग, त-वर्ग, ल, श, स.

आता वरची कोडी सुटतात. ‘भ्रमण’मध्ये र आणि न यांच्यात म आहे, ओठांचा ध्वनी, जिभेला त्याचं काम नाही, वाट मोकळी. ‘दर्शन’मध्ये श, ‘कीर्तन’मध्ये त, ‘रचना’मध्ये च. जिभेचा पुढचा भाग मध्येच दुसऱ्या कामाला लागला की वळलेली जीभ सुटते. ‘दक्षिणायन’मध्ये तर खुद्द ण अडवतो. ष मुळे वळलेली जीभ त्या ण वर खर्ची पडली, पुढच्या न पर्यंत काही उरलं नाही. ‘वर्णन’चा शेवटचा न याच कारणाने न राहिला.

आपल्या भाषेचा प्रत्येक मेळ याच साच्यात लिहायचा. व्याकरणातलेच शब्द वापरू: ज्याच्यामुळे बदल होतो ते निमित्त, जो बदलतो तो स्थानी, जो होतो तो आदेश. शिवाय हद्द आणि अडसर. पाचही रकाने भरल्याशिवाय एकही शब्द बनवू नये. अडसराचा रकाना ‘काही नाही’ असाही भरता येतो, पण तो भरलेला असावा.

एक भेद इथेच नीट धरायचा. ‘माझा’ मधला झ आणि ‘माझी’ मधला झ वेगळे उच्चारतो, पण ते पुढच्या ई ला चिकटून असल्यामुळे. हे शेजाऱ्याचं वळण, मेळ नव्हे. मेळाची खूण ही की मध्ये एखादा तिऱ्हाईत ध्वनी असतो आणि तो कोरडा राहतो.

स्वरांच्या जोड्या

जगात स्वरमेळाचे प्रकार बरेच आहेत. फिनिश आणि हंगेरियनमध्ये जीभ पुढे की मागे यावर गट पडतात. तुर्कीत त्यावर ओठ गोल की पसरट याची भर पडते. स्वाहिलीत उंचीचा मेळ आहे: पिका (शिजवणे) याचं ‘कुणासाठी तरी शिजवणे’ होताना पिकिआ, पण सोमा (वाचणे) याचं सोमेआ आणि लेता (आणणे) याचं लेतेआ. धातूत ए किंवा ओ असला की प्रत्ययाचा इ खाली उतरून ए होतो. पश्चिम आफ्रिकेतल्या अकान आणि इग्बोमध्ये जिभेचं मूळ पुढे ओढलं आहे की नाही यावर मेळ चालतो. तो मराठी तोंडाला अवघड जातो, पहिल्या भाषेसाठी नको.

पहिल्यांदा करताना आपल्या तोंडात आधीच असलेले स्वर घ्या. तुर्कीसारखे गोल ओठांचे पुढचे स्वर कागदावर छान दिसतात, पण बोलून पाहता येत नसतील तर चुका कानाला कळत नाहीत. सरावासाठी ही मांडणी पुरे:

पुढचा गट: इ, ए, ॲ
मागचा गट: उ, ओ, आ
तटस्थ (कोणत्याच गटात नाही, दोन्हींबरोबर चालतो): अ

एका मुळात दोन गट मिसळायचे नाहीत. जोड्या इ–उ, ए–ओ, ॲ–आ. इ चा जोडीदार उ कसा, जीभही हलली आणि ओठही, असं वाटेल. पण ही जोडी खरी आहे. सोलापूर, नांदेड, गडचिरोलीकडे जी तेलुगू कानावर पडते तिच्यात पिल्लि (मांजर) याचं अनेकवचन पिल्लुलु आणि पुलि (वाघ) याचं पुलुलु होतं. ‘लु’ लागला की शब्दातलं शेवटचं इ, उ होतं. इथे प्रत्यय मुळाला वळवतो. उलट ‘ला’ या अर्थाचा प्रत्यय पिल्लिकि पण चेट्टुकु (झाडाला), म्हणजे मूळ प्रत्ययाला वळवतं. एकाच भाषेत दोन्ही दिशा. सुरुवातीला मात्र एकच दिशा ठेवा, मुळाकडून प्रत्ययाकडे.

ऱ्हस्व-दीर्घ भेद ठेवू नका आणि सगळीकडे ऱ्हस्वच लिहा. लिहिलेला प्रत्येक अ उच्चारायचा, हेही ठरवून टाका. मराठी वाचक ‘कत’ दिसलं की ‘कत्’ म्हणतो. तटस्थ स्वर असा गिळला गेला की मध्ये तो होता की नव्हता हेच कळेनासं होतं. जिथे अ नको तिथे जोडाक्षर किंवा पायमोडकं अक्षर.

व्यंजनांत काय चालतं

इथे मोकळीक कमी आहे. प, त, क यांचा लांबून मेळ, म्हणजे शब्दात क आला म्हणून पुढच्या त चा क होणं, बोलायला शिकणाऱ्या मुलांच्या तोंडी सर्रास असतं. मोठ्यांच्या भाषांत तो नियम म्हणून सापडत नाही. तुमच्या भाषेत तो घातला तर ती बोबडी वाटेल. मुद्दाम तसं हवं असेल तर गोष्ट वेगळी.

जे चालतं त्यात स-श चा मेळ सगळ्यात प्रसिद्ध. अमेरिकेतल्या नाव्हाहोमध्ये आणि कॅलिफोर्नियातल्या चुमाशमध्ये एका शब्दात स आणि श जातीचे ध्वनी एकत्र नांदत नाहीत. त्यांतला जो शब्दात शेवटी येतो तो ठरवतो आणि मागचे सगळे त्याच्यासारखे होतात, म्हणजे दिशा उजवीकडून डावीकडे. दुसरा प्रकार अनुनासिकांचा. मध्य आफ्रिकेतल्या याका भाषेत भूतकाळाचा प्रत्यय ‘इदि’: त्सुबिदि (भटकला). पण धातूत कुठेही म किंवा न असला की ‘इनि’: त्सुमिनि (शिवलं). फिनुकिनि या रूपात न आणि प्रत्यय यांच्यात क उभा आहे, तरी फरक पडत नाही. तिसरा प्रकार दंत्य (त, न सारखे, जीभ दातांपाशी) आणि मूर्धन्य (ट, ण सारखे, जीभ वळवून) यांचा. संस्कृतचा णत्वविधी, म्हणजे न चा ण होणं, वर आलाच. पाकिस्तानातल्या चित्रालमधल्या कलाशा भाषेत एकाच मुळात मूर्धन्य आणि बिनमूर्धन्य व्यंजनं सहसा मिसळत नाहीत.

आपल्याला तिसरा सोपा. त–ट, द–ड, न–ण, ल–ळ या चार जोड्या मराठी कानाला झोपेतही वेगळ्या कळतात. सरावाच्या भाषेची व्यंजनं अशी: प ब म, क ग, ह य व, स, आणि या चार जोड्या. एकूण १७. र मुद्दाम बाहेर ठेवला आहे. तो घेतला की तो निमित्त, अडसर की बघ्या, हा आणखी एक निर्णय डोक्यावर येतो.

साचा भरू. निमित्त: मुळातला ट, ड, ण, ळ. स्थानी: प्रत्ययातला त, द, न, ल. आदेश: त्याचा जोडीदार. हद्द: मूळ आणि त्याला लागलेले सगळे प्रत्यय. अडसर: स. ओठांची, घशाकडची आणि य ही व्यंजनं तशीच जाऊ देतात. मुळाच्या आत दंत्य आणि मूर्धन्य मिसळायचे नाहीत.

कसोटीचे चार शब्द

दोन मेळ म्हणजे मुळांच्या चार जाती. प्रत्येक जातीचा एक शब्द निवडा आणि नवा प्रत्यय सुचला की आधी या चौघांना लावून बघा. गोबु (घर): मागचा, दंत्य. मेवि (नदी): पुढचा, दंत्य. पाडो (झाड): मागचा, मूर्धन्य. कॅणि (डोळा): पुढचा, मूर्धन्य. गोबु आणि मेविमध्ये दंत्य व्यंजन एकही नाही, तरी त्यांना दंत्यच म्हणायचं. काहीच न सापडलं तर दंत्य, हे गृहीत.

प्रत्यय कोशात एकाच रूपात नोंदवा, मागचं-दंत्य. अनेकवचन ‘लो’, ‘मध्ये’ साठी ‘दु’, ‘माझा’ साठी ‘मा’, ‘विना’ साठी ‘कत’.

गोबु: गोबुलो, गोबुदु, गोबुमा, गोबुकत
मेवि: मेविले, मेविदि, मेविमॅ, मेविकत
पाडो: पाडोळो, पाडोडु, पाडोमा, पाडोकट
कॅणि: कॅणिळे, कॅणिडि, कॅणिमॅ, कॅणिकट

‘लो’ची चार रूपं झाली: लो, ले, ळो, ळे. ‘मा’ची दोनच, कारण म ला जोडीदार नाही. ‘कत’चीही दोनच, पण वेगळ्या कारणाने: तिथे स्वर तटस्थ आहे आणि त ला जोडीदार आहे. पाडोकट मध्ये ड पासून ट पर्यंत मध्ये क आहे, तो बिनबोभाट वाट देतो. सगळ्या प्रत्ययांना चार-चार रूपं देऊ नका. चार, दोन, दोन आणि एखादा मुळीच न बदलणारा, असं मिश्रण असलं की भाषा कवायतीसारखी वाटत नाही.

रूप काढायची रीत दोन्ही मेळांना एकच आहे. प्रत्ययाच्या दाराशी उभे राहा आणि मुळात उलटं चालत या. स्वरासाठी: अ भेटला तर पुढे चला, दुसरा कोणताही पहिला स्वर भेटेल त्याचा गट घ्या. व्यंजनासाठी: प, ब, म, क, ग, ह, य, व भेटले तर पुढे चला, मूर्धन्य भेटला तर मूर्धन्य, दंत्य किंवा स भेटला तर दंत्य आणि थांबा. एवढंच. अडसर असा वेगळा सांभाळावा लागत नाही, तो उलट्या चालीत आपोआप आडवा येतो.

त्याची गंमत साखळीत दिसते. लहानपण दाखवणारा ‘सु’ हा प्रत्यय घ्या (पुढच्या गटात ‘सि’). क्रम असा: मूळ, लहानपण, अनेकवचन, मालकी, जागा.

पाडो + लो + मा + दु = पाडोळोमाडु, माझ्या झाडांमध्ये.
पाडो + सु + लो + मा + दु = पाडोसुलोमादु, माझ्या झुडपांमध्ये.
कॅणि + लो + मा + दु = कॅणिळेमॅडि. त्यातच सि घातला की कॅणिसिलेमॅदि.

एक ‘सु’ मध्ये आला आणि शेपटीतले सगळे मूर्धन्य गळून पडले. स्वराला मात्र स ची पर्वा नाही, तो शेवटपर्यंत गेला. दोन मेळांचे अडसर असे वेगळे ठेवले की शब्दाला पोत येतो. डोसु (ढग) हे मूळही बघा: ड आहे, पण उलटं चालताना आधी स भेटतो, म्हणून डोसुलो. हे आपलं ‘दर्शन’.

फक्त तटस्थ स्वर असला तर

बह (पाणी). उलटं चालत गेलो, अ भेटला, पुन्हा अ, मूळ संपलं. आता? इथे बहुतेकांच्या वहीत कोरी जागा असते. फिनिशमध्ये इ आणि ए तटस्थ आहेत आणि सगळं मूळ त्यांचंच असेल तर प्रत्यय पुढच्या गटाचा लागतो. तालो (घर) याचं तालोस्सा, मेत्सॅ (जंगल) याचं मेत्सॅस्सॅ, आणि मेरि (समुद्र) याचं मेरेस्सॅ. हंगेरियनमध्ये इतकं सरळ नाही. केर्तबेन (बागेत) पुढचा, हाझबॉन (घरात) मागचा, पण हीद (पूल) यात फक्त ई असूनही हीदबॉन. अशा मुळांत पूर्वी मागच्या गटाचा एक स्वर होता, तो पुढे ई मध्ये मिसळला असं मानतात. स्वर गेला, त्याची सावली प्रत्ययात राहिली.

आपल्या भाषेत बहलो, बहदु असा मागचा गट गृहीत धरा आणि तसं लिहून ठेवा. हंगेरियनची नक्कल पुढे करू.

हद्द

तुम्हाला मेळ शब्दभर हवा की सामासिक शब्दाच्या प्रत्येक अर्ध्यात वेगळा? बहुतेक भाषा दुसरं करतात. फिनिशमध्ये पॅॅ (डोकं) आणि काउपुंकि (शहर) मिळून राजधानीचा शब्द होतो. पहिला अर्धा पुढच्या गटाचा, दुसरा मागच्या, दोघेही आपापल्या जागी, आणि प्रत्यय शेवटच्या अर्ध्याचा ऐकतो. संस्कृतातलं ‘समानपदे’ हेच सांगतं: रामनाम मध्ये न तसाच राहतो. विशेषनाम झालं की समास एकच पद असल्यासारखा वागतो, म्हणून शूर्पणखा. ही फट उचलण्यासारखी आहे. आपल्याकडे मेवि + गोबु = मेविगोबु (होडी), अनेकवचन मेविगोबुलो. पाडो + गोबु = पाडोगोबु (माची), आणि अनेकवचन पाडोगोबुलो, ळो नाही, कारण उलटी चाल गोबुच्या उंबऱ्यावर थांबते. पण तेच गावाचं नाव असेल तर हद्द पुसायची: पाडोगोबुडु, ‘पाडोगोबु गावात’. सामान्यनाम आणि विशेषनाम यांतला फरक एका ड वर!

उपसर्ग असतील तर त्यांना हद्दीबाहेर ठेवणं सोपं. हंगेरियन क्रियापदांचे उपसर्ग असेच मोकळे असतात: मेग + तानुल (शिकून घेणे), उपसर्ग पुढचा, क्रियापद मागचं.

आणि एखादा प्रत्यय अजिबात न बदलणारा ठेवा. तुर्कीत ‘योर’ असा आहे. गेल् (येणे) पुढच्या गटाचा, तरी गेलियोर. त्यापुढे लागणारा ‘मी’चा प्रत्यय मात्र गेल् ला विचारत नाही, योर ला विचारतो: गेलियोरुम. उलट्या चालीच्या रीतीत हे फुकट मिळतं, पहिला स्वर भेटला तो ओ.

काय बिघडतं

पहिला फटका जागेचा. मेळ आला की प्रत्ययांची निवड आकसते आणि हे आधी मोजलेलं नसतं. एक व्यंजन अधिक एक स्वर असे प्रत्यय करायचे तर १७ व्यंजनं आणि ७ स्वर, म्हणजे ११९ शक्यता दिसतात. पण प्रत्ययात पुढचा-मागचा आणि दंत्य-मूर्धन्य हे भेद आता अर्थ सांगू शकत नाहीत. व्यंजनांचे १३ वर्ग (९ एकटी, ४ जोड्या) आणि स्वरांचे ४ (३ जोड्या, १ तटस्थ). १३ गुणिले ४, फक्त ५२. मुळांचंही तसंच: दोन अक्षरी मुळात स्वरांच्या ४९ जोड्या शक्य होत्या, गट न मिसळण्याच्या अटीनंतर ३१ उरतात. यावर उपाय म्हणजे प्रत्यय दोन अक्षरी करणं किंवा व्यंजनं वाढवणं. जोड्या वाढवून फारसं हाती लागत नाही.

दुसरा घोळ याच आकसण्यातून होतो. अनेकवचन ‘लो’ ठरलं, महिन्याभराने ‘साठी’ला ‘ले’ हा गोड प्रत्यय सुचला. मेविले म्हणजे ‘नद्या’ की ‘नदीसाठी’? ‘नु’ आणि ‘णु’ हे दोन वेगळे प्रत्यय ठेवले तरी तीच गत. नवा प्रत्यय घेताना त्याची सगळी रूपं जुन्या प्रत्ययांच्या सगळ्या रूपांशी ताडून बघायची. कोशातलं एक रूप ताडून भागत नाही.

तिसरं: मेळाची हद्द वाक्यात सांडणं. ‘गोबुदु पाडो गुळाटु’, घरात झाड वाढलं. (गुळा म्हणजे वाढणे, ‘तु’ भूतकाळ.) गुळाटु मधला ट हा गुळाच्या ळ मुळे, शेजारच्या पाडोचा त्यात काही संबंध नाही. पडताळा: ‘पाडो हुपातु’, झाड पडलं. हुपा मध्ये मूर्धन्य नाही, म्हणून तु. लिहिताना मागच्या शब्दाचा नाद कानात राहतो आणि हात हुपाटु लिहून जातो. अशा चुका लांब मजकुरात हमखास निघतात.

आणि अतिशुद्धपणा. शंभरातले शंभर शब्द नियमात बसले की भाषा कारखान्यातून आल्यासारखी वाटते. तुर्कीत अरबीतून आलेला साआत (घड्याळ, तास) याचं अनेकवचन नियमाने साआत्लार व्हायला हवं, होतं साआत्लेर. युरोपातून आलेला गोल (फुटबॉलचा) गोल्लेर होतो, कारण त्याचा ल उच्चारायला जीभ पुढे सरकते. तिथे व्यंजनाने स्वराला वळवलं.

भाषा जुनी करणं

अपवाद हाताने शिंपडू नका, ते खोटे दिसतात. आधी मेळ पूर्ण लावा, सगळी रूपं बनवा आणि मग एक ध्वनिबदल त्यांच्यावरून फिरवा. उदाहरणार्थ: ॲ सगळीकडे अ झाला. कॅणि आता कणि. त्यात इ शिल्लक आहे, काही बिघडलं नाही. पण गॅवॅ (मीठ) आता गव झालं, आणि त्याचं जुनं अनेकवचन गॅवॅले आता गवले. शेजारी बह, बहलो आहेच. दोन्ही मुळांत नुसता अ, एकाला ले आणि दुसऱ्याला लो. हा आपला हंगेरियन पूल. आता कोशात गव समोर ‘पुढचा’ असं लिहावं लागेल, बघून कळणार नाही. ध्वनिबदल प्रत्ययांनाही लागतो हे विसरू नका: मेविमॅ आता मेविम, पण गोबुमा तसाच. ॲ–आ ची जोडी अ–आ झाली, आणि ‘माझा’च्या प्रत्ययात तटस्थ म्हणवणारा अ आता पुढच्या गटाचा वेश घेऊन बसला.

असा एक बदल पुरतो. दोन-तीन फिरवले तर मेळ मोडकळीला येतो. तेही खरंच घडतं: फिनिशच्या सख्ख्या नात्यातल्या प्रमाण एस्टोनियनने स्वरमेळ टाकून दिला.

परके शब्द आत घ्यायचे तर उलट्या चालीचीच रीत चालवा आणि मूळ दुरुस्त करू नका. पुणे: शेवटून ए भेटला, मग ण, म्हणून ‘पुण्यात’ ला पुणेडि. ठाणेही तसंच, ठाणेडि. गोवा: गोवादु. पुणे मध्ये उ आणि ए मिसळले आहेत, ते मिसळलेलेच राहू द्या. त्यावरूनच तो शब्द पाहुणा आहे हे ऐकणाऱ्याला कळतं.

पडताळणी

शंभर मुळं आणि दहा प्रत्यय म्हणजे हजार रूपं, डोळ्यांनी तपासणं होत नाही. गूगल शीट्स किंवा एक्सेलमध्ये मुळं उभी, प्रत्यय आडवे, आणि प्रत्येक मुळापुढे दोन जादा रकाने: स्वरगट आणि व्यंजनगट. हे दोन रकाने सूत्राने भरा, पण गव सारख्यांसाठी हाताने बदलता येतील असे ठेवा.

देवनागरीत इथे तीन खड्डे आहेत. स्वतंत्र इ आणि वेलांटी ही संगणकाला दोन वेगळी चिन्हं आहेत. सूत्रात दोन्ही शोधावी लागतात, प्रत्येक स्वरासाठी तसंच. व्यंजनातल्या अ ला चिन्हच नाही, त्यामुळे ‘अ भेटला तर पुढे चला’ हे सूत्रात लिहायचीच गरज नाही, ही सोय. पण त्याच कारणाने दोन अक्षरांमध्ये अ आहे की नाही हे फक्त हलन्तावरून कळतं. तिसरा खड्डा ॲ चा. काही कीबोर्ड त्याचं एकच अक्षर देतात, काही अ वर चंद्र ठेवून दोन चिन्हं बनवतात. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, शोधताना एक सापडतं आणि दुसरं निसटतं. यादी भरायला घ्यायच्या आधीच एक ठरवा, आणि दुसऱ्याने टाइप केलेला भाग आत घेताना ‘शोधा आणि बदला’ एकदा फिरवून घ्या.